गाण्यांच्या मधलं बोलणं

ओजिमा, ४ मे

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुमची नात सलोनी आता माझ्याशी जपानीत भांडते, त्यामुळे मीच हरते.

खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सानांचं पूर्वी अमेरिकन लष्करी तळाजवळ सलून होतं. तिथे दिवसभर फौजींचा रेडिओ चालू असायचा. काल त्यांनी तेव्हा टेप केलेल्या कॅसेट ऐकवल्या. त्यात गाणी नाहीतच, नुसतं निवेदकाचं बोलणं! म्हणाले, "गाणी काय, कुठेही मिळतात."

मला तुमचं लेहचं पोस्टिंग आठवलं. युनिटच्या रेडिओवर जवानांच्या फर्माइशी वाचून झाल्या की शेवटचं गाणं तुम्ही आईसाठी लावायचात. आवाज छावणीच्या कुंपणापलीकडे जात नसे आणि आई साताऱ्यात. तिने ते कधीच ऐकलं नाही.

घशाचं ऑपरेशन एकवीसलाच ना? आवाज फारसा बदलणार नाही म्हणतात. तरी त्याआधी आईला समोर बसवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि तो कार्यक्रम एकदा कराच. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून पत्र.

गाणं नसलं तरी चालेल.

कुंपणापलीकडची तुमची श्रोती,
चारुता