हिरव्या साडीमागे कोणीही नसल्याचा दाखला

प्रति,
मा. ग्रामसेवक,
ग्रामपंचायत कार्यालय, हिरडीटोला,
ता. गोरेगाव, जि. गोंदिया.

विषय : माझ्या घरी पत्नीखेरीज दुसरी बाई राहत नसल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : पत्नीचा फोनवरील तोंडी आदेश, दि. ४ फेब्रुवारी २०१९.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज करतो की, मी निवृत्त शिक्षक असून पहिल्यांदाच मोबाईल हाती घेणाऱ्यांसाठी सात पाठांचा ऑनलाइन कोर्स घरीच तयार केला आहे. चित्रीकरण, जोडकाम व आवाज, तिन्हींची साधने इंटरनेटवर फुकट मिळाली. माझ्या कवळीतून ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते. सबब, चित्रात मी असून आवाज कॉम्प्युटरमधील बाईचा आहे. ती मूळची हिंदीची असल्याने तिच्याकडून ‘ळ’ चा ‘ल’ होतो. मागची पोपडे निघालेली भिंत दिसू नये म्हणून बाजारातून हिरवी साडी आणून टांगली. हिरवा रंग पुसून तेथे बगिचा बसविण्याची सोयही फुकट आहे.

शेजारी श्री. घनश्याम यांना भिंतीपलीकडून “घाबरू नका, हलूच बोट ठेवा, जमेल तुम्हाला” असे ऐकू आले. खिडकीतून साडीही दिसली. ‘हलूच’ वरून बाई रायपूरकडची आहे असे ठरवून त्यांनी माझी पत्नी सौ. पार्वताबाई यांना फोन केला. त्या तेव्हा सालेकशाला भावाकडे होत्या, व अद्याप तेथेच आहेत. माझा खुलासा ऐकून त्या म्हणाल्या, “फुकट देल्ली म्हन्ता? इतकी गोड बोलनारी बाई फुकट कोन देते जी? गरामसेवकाचा कागद आना, मंगच मी येतो.”

त्यानुसार आपणाकडे आलो असता, जी राहत नाही तिचे पूर्ण नाव, वय व आधार क्रमांक आपण मागितला. सॉफ्टवेअरमध्ये तिचे नाव ‘महिला आवाज २’ एवढेच आहे. त्यावर ‘महिला आवाज १’ कोठे ठेवली, असे आपण विचारले. मला खरोखर माहीत नाही.

पुढे चौकशीस शिपाई श्री. हिरालाल आले, तेव्हा पाठ पाच सुरू होता. त्यांच्या पंचनाम्यातील नोंद अशी : ‘बाई साडीच्या पडद्याआड होती. नाव विचारले असता “पुढे जाण्यासाठी खालचे बटन दाबा” असे म्हणाली. बटन आढळले नाही.’ मी साडी बाजूला करून दाखविली, तेव्हा त्यांनी ‘बाई फरार’ असा शेरा मारला. आता तिला आठ दिवसांत हजर करण्याची नोटीस मला आली आहे.

खरे सांगायचे तर, मलाही शंका येऊन राहिली आहे. आवाजाचे सॉफ्टवेअर उघडले की मी कुठे आहे, माझ्या ओळखीचे कोण कोण आहेत, ते पाहू देता काय, असे विचारते. नुसते वाचायचे तर हिला ते कायले पाहिजे? मी तूर्त ‘नाही’ दाबतो.

हा कोर्स मुळात पार्वताबाईंसाठीच होता. त्या मोबाईलला हात लावत नसत, हे गाव जाणते. परंतु काल त्यांनी भावाच्या फोनवरून, कोणाची मदत न घेता, पाठ सातप्रमाणे मला व्हिडिओ कॉल केला व कॅमेरा उलटा करून घर दाखविण्यास फर्माविले. दोन्ही खोल्या, न्हाणी, पलंगाखालची जागा तपासून झाली. कोणी आढळले नाही. शेवटी स्वयंपाकघर पाहिले व त्या म्हणाल्या, “चाळीस वरसात तुमी एक कप इसळला नाही. हे भांडे कोनं घासले?” त्यानंतर त्यांनी फोन ठेवला, तोही पाठ सातप्रमाणेच.

तरी विनंती की, दाखल्यात दुसरी बाई नसल्याचे नमूद करून, त्याखाली ‘भांडी अर्जदार स्वतः घासतो’ एवढी एक ओळ घालावी. खात्रीसाठी श्री. हिरालाल यांना जेवणानंतरच्या वेळेस पाठवावे. त्यांच्यासमक्ष घासून दाखविण्यास मी तयार आहे.

दाखल्याच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
शालिकराम सुकराम मेश्राम
हिरडीटोला, दि. १८ फेब्रुवारी २०१९

सोबत : घासलेल्या भांड्यांचा फोटो, एक प्रत.