आईचं नाव नसलेलं पुस्तक

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जुना होत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

मुरबाडच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. 'प्रकाशन' या एका शब्दावर तुम्ही अख्खा तास घेतला होता. फळ्यावर 'काश्' लिहिलंत, म्हणजे चमकणं, आणि त्याच्याआधी 'प्र' जोडलात. जे अंधारात आहे ते उजेडात आणायचं, ते प्रकाशन. इंग्रजांचा शब्द वेगळ्या वाटेनं आला म्हणालात. त्याचा मूळ अर्थ लोकांसमोर जाहीर करणं, चारचौघांत मोठ्यानं सांगणं. छापखाने पुष्कळ नंतरचे. घरी येऊन मी हे आईला ऐकवलं, तर सुपात तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणते, "मंग इतकी वरसं मी मांडवात काय करतेय गो?"

माझी आई धवलारीण, लग्नातली गाणी म्हणजे धवले गाणारी. धसईच्या आसपासच्या गावांत लग्न म्हटलं की भटजीच्या आधी तिला सांगावा जायचा. हळदीपासून वरात निघेपर्यंतचे सगळे धवले तिला तोंडपाठ. तुम्हाला एकट्याला गाठून मी हे कौतुकानं सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी तुम्ही वही घेऊन आमच्या ओटीवर हजर. आई घाबरली. "लगीन नसतां धवलं गायाचं नाय, सर. घराला बाधतं." तुम्ही हटून बसलात. शेवटी तिनंच वाट काढली. पाटावर दोन सुपाऱ्या मांडल्या, एक नवरा, एक नवरी. दोघांना हळद लावली आणि सलग तीन रविवार त्या सुपाऱ्यांचं लग्न लावत ती गात राहिली. तुम्ही लिहून घ्यायचात, अडलेले शब्द मी सांगायचे. तुम्ही तिला काकू म्हणायचात, तिच्या हातची तांदळाची भाकरी मागून खायचात.

त्या धवल्यांच्या पुस्तकाचं मुरबाडला प्रकाशन झालं तेव्हा आई ठेवणीतलं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. अध्यक्षांना शाल, छापखानेवाल्याला नारळ, खुर्च्या मांडणाऱ्यालासुद्धा गुलाबाचं फूल. तुम्ही 'काश्' धातू पुन्हा एकदा सांगितलात. नारळ घ्यायला पुढे करायचा म्हणून आईनं पदर सारखा करून ठेवला होता, तो तसाच धरून ती घरी आली. पुस्तकावर तुमचं नाव. प्रस्तावनेत 'एका अशिक्षित वृद्धेकडून मिळालेली गीते'. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती, सर! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? एवढं शब्दांचं मूळ शोधत फिरलात, आणि गाण्यांचं मूळ समोर बसलेलं असताना त्याला वृद्धा म्हणून मोकळे झालात.

आता पुढचं लिहिते. तुम्ही मला विचारलं होतंत. स्टाफरूमच्या दारात, छापून आलेली तपासायची पानं हातात धरून. "आईंचं नाव पहिल्या पानावर घालतो, चालेल ना?" माझ्यामागे शहापूरहून येणाऱ्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या. माझी आई लोकांच्या मांडवात सूपभर तांदळावर आणि लुगड्यावर गाते, हे मी त्यांना कधी कळू दिलं नव्हतं. "नको सर, तिला नाही आवडणार," मी म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि गेलात. एका पोरीच्या शब्दावर तुम्ही नाव गाळलंत, आईला एकदा विचारायला ओटीवर आला नाहीत, यासाठी मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी पाठवलं नसतं. आई आता थकली आहे, गळा गेला आहे, पण कालही चुलीपाशी बसून म्हणत होती, "तुझ्या सरानी माझं नाव खाल्लं गो. त्याचं कंदी भलं नसंल झालं." मी भाकरी थापत होते. "हो ना," म्हणाले.