अक्काच्या कॅसेटवरचं चौथं गाणं

गंगापूर रोड, नाशिक
९ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
शेखरचा नमस्कार. इकडे ठीक आहे, ऊन मात्र फार. मनमाडला पाण्याचं कसं काय? दाजींचा गुडघा बरा आहे का? आरोहीच्या लग्नाची खरेदी आटोपली असेल.

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. "आईचं हळदीचं गाणं पाठव ना रे, लय दिवस झाले मागतेय," हा निरोपही ऐकला. नातीच्या हळदीला आपली आई नाही, निदान तिचा आवाज हवा, हे मला कळतं. फोनवर बोलायची छाती होईना, म्हणून पत्र.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. गावोगावच्या बायकांची गाणी आम्ही कॅसेटींवरून संगणकात घेतो. लोकांनी एकमेकांच्या कॅसेटी भरून घेतलेल्या, त्यामुळे एकच गाणं पाच घरांत निघायचं आणि यादीत पाच वेळा चढायचं. म्हटलं, हा काय पोरखेळ! मी नवी रचना केली. ध्वनिमुद्रण एकदाच ठेवायचं, पाचही कॅसेटींची नोंद त्यालाच जोडायची. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं.

गाणारी तीच, गाणं तेच, लांबीही जवळपास तीच, तर ते एकच मुद्रण. त्यातलं स्वच्छ ठेवायचं, खरखरणारं पुसायचं. आईची हळदीची दोन निघाली. एक तुझ्या लग्नातलं, दुसरं सुलाबाईच्या मुलीच्या, रंजनाच्या लग्नातलं. आईची लय कधी हलली नाही, लांबीत तीन सेकंदांचा फरक. तुझ्या कॅसेटला बुरशी होती, म्हणून खरखरणारं तेच धरलं.

अक्का, हळदीच्या गाण्यात दर कडव्याला नवरीचं नाव घालतात. घरोघरी हळदीला गाणाऱ्या भागुबाईचा मुलगा असून मी ते विसरलो.

तुझं गाणं पुसलं गेलं. कॅसेट आधीच यंत्रात तुटली होती. "काळजी करू नकोस, गाणं संगणकात आहे," असं मीच तुला म्हणालो होतो. बॅकअप दर रविवारी नवा होतो, जुना जातो. माझ्या लक्षात येईपर्यंत तीन रविवार उलटले. पुण्याच्या एका जाणकारालाही दाखवलं. काही हाती लागलं नाही.

आणि विसरलो म्हणणंही खरं नाही. पुसण्याआधी दोन्ही ऐकायची, हा नियम माझाच. परक्या बायकांची गाणी मी दोन-दोनदा ऐकली. आईचं लावलंच नाही. ती गेल्यापासून तिचा आवाज सुरू झाला की मी यंत्र बंद करतो. नुसती लांबी बघितली आणि पुसलं.

परवा धीर करून तुझ्या कॅसेटची नोंद उघडली, चौथं, म्हणजे तुझ्या हळदीचं, गाणं लावलं. आई पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत रंजनाला हळद लावते.

हेच तुला पाठवावं, असंही मनात आलं. मांडवातल्या गोंगाटात नाव कुणाला कळणार? स्वतःची लाज वाटली, अक्का. खूप रडलो.

तुझ्या लग्नात मी चार वर्षांचा होतो. आईने तुझं नाव कसं घेतलं, मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर जपून ठेव. आता ते दुसरीकडे कुठेच नाही.

हळदीला तू बोलावलंस तरच येईन.

शेखर
(खाली "तुझा भाऊ" लिहायचं धाडस झालं नाही.)