पोत्यांची झूल

२१ ऑक्टो. २००७, रविवार

इक्बालने गाडी आणली. बॅटरीची स्कूटर! माझा धाकटा भाऊ जन्मात कधी आवाज न करता दारात आलेला नाही, आज आला. ना फटफट, ना धूर. गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. नागपूरच्या कंपनीची इथली एजन्सी त्याला मिळाली आहे. अम्मीने गाडीवरून मिरच्या उतरवल्या आणि मग हळूच मला विचारलं, "पेट्रोल कहाँ डालते इसमें?"

ह्यांनी मात्र सीट उचलून खाली पाहिलं. सवयच ती. वीस वर्षं ब्रह्मपुरीच्या बस स्टँडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा माणूस दुसरं काय पाहणार. म्हणाले, "गाडी कुठी आहे बाबा? चार बॅटऱ्यांले चाकं लावले."

"हसा दुल्हाभाई. दहा वर्षानं पेट्रोल पंपावर लोकं बकऱ्या बांधतीन."

"अन् लाईन? चार्जिंग कायच्यावर करशीन?"

तेवढ्यात लाईन गेलीच. (लोडशेडिंग. रोज तेच, यापुढे नुसतं लो.शे. लिहिणार.) सगळे हसलो. इक्बाल पण. पोरगं हसतं तेव्हा अब्बांसारखं दिसतं.

२८ ऑक्टो.

इक्बालला जागा पाहिजे. नवी गाडी घेणाऱ्याकडून जुनी बॅटरी परत घ्यायची, साठवायची, महिन्याला कंपनीचा ट्रक येऊन नेणार. गावात एवढी जागा कुठे? त्याला कुसुमचा कोठा हवा आहे, गुरांचा जुना, बोडीच्या म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या काठावरचा, रिकामा पडलेला.

मी म्हटलं, तूच जाऊन विचार. तर म्हणे, "आपा, माया शब्दावर मारोतीभाऊ नाई देनार. तुया शब्दावर कुसुमताई घर बी देईन."

खरं आहे ते. कुसुम आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्यापेक्षा मी जास्त रडले, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

१ नोव्हें.

जीपने कुसुमच्या गावी. धान कापणीला आलेलं, सगळे शेतात. कुसुम बांधावर बसून ऐकत होती.

"बॅटऱ्या ठेवाच्या, एवढंच ना?"

"एवढंच. कंपनी घेऊन जाते परत."

"तू म्हणून राह्यली त मी काऊन नाई म्हणू? चाबी घेऊन जा."

मारोतीभाऊ बैलांना पाणी दाखवत होते. राजा आणि पाखऱ्या. शंकरपटाची, शर्यतीची जोडी, औताला जुंपतच नाहीत. पोरीला, पिंकीला, एकवेळ ओरडतील, बैलांना नाही. त्यांनी एकच विचारलं, "शमीमबाई, धोक्याचं काही नाई ना?"

मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो.

१९ नोव्हें.

कुसुमच्या गावची मंडई, वर्षाची जत्रा. दिवाळीनंतरची गर्दी, आणि नाटकाच्या मांडवाशेजारी इक्बालची गाडी झेंडूचे हार घालून उभी. सगळं गाव एकदा बसून पाहतंय. पिंकीला त्याने पुढे उभी केली आणि मैदानाला चक्कर मारली. पोरीचं तोंड बघण्यासारखं. तेव्हापासून "इक्बालमामा" शिवाय बोलत नाही.

परतताना हे म्हणाले, माजरीच्या खाणीतला कोळसा विजेसाठी चंद्रपुरात जळतो, धूर तिथले लोक खातात, अन् आपण इथी म्हनतो बिनधुराची गाडी. मी म्हटलं, तुम्हाला माझ्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही. दोघंही फुगून बसलो घरापर्यंत.

६ जाने. २००८

थंडी कडक. कुसुम बाजाराला आली, दुकानात चहा. तिच्या बैलांना नवीन झुली! इक्बालने कोठ्यातली रिकामी पोती दिली, चांगली जाड, तागाची. मारोतीभाऊंनी दोन-दोन जोडून शिवल्या. "तुया भावानं मागितले बी नोहोते, स्वतःहून देल्ले. बैलं असे खुश, एकमेकांच्या झुली चाटत बसतेत."

छान वाटलं ऐकून. ह्यांना मुद्दाम मोठ्याने सांगितलं. हे ट्रकवाल्याशी बोलत होते, ऐकलं की नाही कोण जाणे.

पिंकीचं पोट दुखतं म्हणे सारखं. जेवत नाही. कुसुमचं मत: शाळेत न जायची सोंगं.

कोठ्यातून सकाळी धूर दिसतो, असंही म्हणाली. इक्बालला विचारलं. राखणदार शेकत असतो, म्हणाला.

२७ जाने., रविवार

पट. मीही बघायला गेले होते.

राजा-पाखऱ्याचं नाव पुकारलं. जोडी सुटली ती सरळ, आणि अर्ध्यावर पाखऱ्या एकदम डावीकडे. वळला नाही, घुसला. बाभळीच्या कुंपणात. माणसं पळाली म्हणून बरं. मारोतीभाऊ धावत गेले, बैलाच्या डोळ्यापुढे हात हलवला. डोळा उघडा, पापणी हलेना.

आंधळा. जातिवंत, तरणा बैल. 

१ फेब्रु.

पाखऱ्या दात करकरा वाजवतो, एकाच जागी गोल फिरतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो. जनावरांचे डॉक्टर शेजारच्या तालुक्याच्या ड्यूटीवर, सोमवारी येणार. कुसुमचा फोन आला होता, रडत होती.

मी जेवताना हे सगळं ह्यांना सांगितलं. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"आणखी एकदा सांग. दात वाजवते?"

ह्यांच्या उस्तादांच्या दुकानात एक बकरी होती. बॅटरीच्या जुन्या प्लेटा चाटायची. शिशाची चव जनावराला गोड लागते म्हणे. ती अशीच गेली. म्हणून आमच्या दुकानाच्या आसपास जनावर बांधू देत नाहीत, हे मला माहीत होतं. का ते आज कळलं.

"झुली," हे म्हणाले. "पोते कायचे होते?"

४ फेब्रु., सोमवार

पाखऱ्या पहाटे गेला. डॉक्टर दुपारी आले.

आम्ही दोघं दुपारीच कोठ्यावर गेलो. इक्बालला नेलंच सोबत, त्याच्याच हाताने कुलूप उघडवलं.

साठवण नाही तिथे. भट्टी आहे. फोडलेले डबे ढिगाने, तेजाबाची, ॲसिडची नाली खणून सरळ बोडीकडे काढलेली, आणि पोत्यांत शिशाची करडी राख. बॅटऱ्या फोडायच्या, प्लेटा वितळवायच्या, शिसं नागपूरला. कंपनीचा ट्रक कधी आलाच नाही. येणारच नव्हता. आणि रिकामी पोती म्हणजे ही, राखेची.

मी भावाच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा. अब्बांनीसुद्धा कधी मारलं नव्हतं त्याला.

"आपा, सगळेच असे करतेत. तुले काय वाटते, शहरात काय होते? गाड्या वाढतीन, मोटारी बी बॅटरीवर येतीन. त्या बॅटऱ्या मरतीन तवा कुठी जातीन?"

हे शांतपणे म्हणाले, "कोणाच्या तरी कोठ्यात."

इक्बाल माझ्या पायाशी बसला. पोत्यांचं त्याच्या डोक्यातच आलं नाही, कसम खातो. चार दिवस दे, सगळं उचलतो, बोडी साफ करतो, मग मीच सांगतो कुसुमताईले. रडला. अब्बांसारखाच दिसतो रडतानाही, हलकट.

चार दिवस दिले. कुसुमला फोन केला तो फक्त झुली काढून जाळून टाक म्हणायला. का, ते सांगितलं नाही. रोगट असतील म्हटलं.

६ फेब्रु.

 मी माझ्या भावाला जामीन राहिले होते, शब्दाने. कोणी कागद मागितला नव्हता, कुसुमने माझं तोंड पाहिलं आणि चाबी दिली. तो मला लबाड बोलला ते एक. पण त्याने माझ्या तोंडाने तिला लबाड बोलवलं, ते कसं धुऊ?

आणि रागवायला बसले की लहानपणचा इक्बाल आठवतो, माझ्या ओढणीला धरून चालणारा. त्याचाही राग येतो मग.

७ फेब्रु., गुरुवार

कुसुम दुकानात आली. चहा नको म्हणाली. घाईत होती, भगताला निरोप द्यायला आली होती.

गावात ठरलं आहे, पाखऱ्यावर करणी झाली. कोणी केली? शेजारच्या सोनाकाकीने. विधवा म्हातारी, एकटी राहते, पटाच्या आदल्या दिवशी पाखऱ्याच्या कपाळाला हात लावून "वा रे माया वाघा" म्हणाली होती. उद्या संध्याकाळी भगत येणार, तिला सगळ्या गावासमोर उभी करणार.

मला माहीत आहे पुढे काय होतं. आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

"हे कोणं काढलं कुसुम? करणीचं?"

"इक्बालभाऊच म्हने. पाखऱ्या गेला त्या दिवशी संध्याकाळी आला होता बिचारा, मारोतीजवळ बसला. म्हने भाऊ, हे दवाखान्याचं काम नोहे, कोणाची तरी नजर आहे."

सोमवारी संध्याकाळी. दुपारी माझ्या पायाशी रडून, संध्याकाळी तिच्या ओसरीवर.

यापुढे त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही.

८ फेब्रु., शुक्रवार

पहिल्या जीपने गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. शब्द मी दिला होता.

अंगणात दोघं होते. सगळं सांगितलं. भट्टी, राख, पोती, नजरेची गोष्ट कोणी पेरली ते. बोलताना मी जमिनीकडे बघत होते. संपल्यावर वर पाहिलं.

कुसुम म्हणाली, "तुले कवापासून मालूम आहे?"

"सोमवारपासून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.  तिने हळूच विचारलं, "पोत्यानंच ना? नक्की?"

"हो."

उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता दार लावेल. आतून वाकळ ओढल्याचा आवाज. ती दोन पोती घेऊन बाहेर आली. झुली शिवून उरलेली. थंडी म्हणून पिंकीच्या अंथरुणाखाली घातलेली, दुहेरी करून. पोरगी दीड-दोन महिने त्यांच्यावर झोपते आहे.

मी फोनवर झुली जाळ म्हटलं. पोती म्हटलंच नव्हतं.

पिंकी ओसरीवर बसली होती, पोटाला हात धरून. ओठ पांढरे. आई तिच्यावर सोंग करते म्हणून ओरडत होती ना, म्हणून आता कण्हत पण नव्हती.

मारोतीभाऊ उठले. टोपी घातली, सोनाकाकीच्या घराकडे गेले आणि तिच्या पायरीवर बसले. भगत येईपर्यंत तिथून उठले नाहीत, असं रात्री कळलं. भगताला तिथूनच परत पाठवलं.

९ फेब्रु.

त्याचं दुकान बंद, फोन बंद. गाडी आमच्या अंगणात सोडून गेला आहे. अम्मी दिवसभर तिच्याजवळ बसून. मला म्हणाली, "दगा उसने नहीं, तूने किया. पुलिस आएगी तो तेरे दरवाजे से होके जाएगी."

 हे म्हणाले, येऊ दे, मीच दाखवतो कोठा. पण अम्मीसमोर नाही म्हणाले, स्वयंपाकघरात येऊन.

आमच्या पुरवठादाराने ह्यांना विचारलं, नवीन गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्तीला घेणार का. हे हातातली प्लेट घासत राहिले. लो.शे. सकाळपासून.

१२ फेब्रु., मंगळवार

इथल्या डॉक्टरांनी पिंकीला नागपूरला न्यायला सांगितलं, रक्त तिथेच तपासतात. मारोतीभाऊंना राजाजवळ थांबणं भाग आहे, तोही आता खात नाही. कुसुम एकटी कशी जाईल म्हणून मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. ये म्हणाली नाही. जा पण म्हणाली नाही.

एस.टी. खचाखच. कुसुम पुढे चढली, तिला एकच जागा मिळाली. मला मागे, कडेची. पिंकी मध्येच उभी, धक्क्याने पडायला लागली तेव्हा कुसुमने वळून पाहिलं, मग माझ्याकडे ढकलली. मी मांडीवर घेतली. हलकी झाली आहे किती.

"मावशी, पाखऱ्याले बी नागपूरले नेलं असतं त?"

"झोप थोडी."

"गाडीवाला मामा येनार आहे का तिथी?"

कुसुमची पाठ ताठ झाली. तिला ऐकू गेलं होतं. मी नाही म्हटलं.

नागपूरच्या दवाखान्यात पोरीच्या दंडातून सुई काढली तेव्हा ती रडली नाही. मीच रडले आणि कुसुमने आज पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. काय होतं त्या बघण्यात, मला अजून अर्थ लावता येत नाही. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. आणायला कोण जाणार, ते ठरलं नाही.

परतीच्या गाडीत भिवापूरला कुसुमशेजारची जागा रिकामी झाली. पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती. मी उठले नाही. तिनेही पोरगी मागितली नाही. शेजारच्या जागेवर तिने आपली पिशवी ठेवली, थोड्या वेळाने उचलून परत मांडीवर घेतली. जागा ब्रह्मपुरीपर्यंत तशीच राहिली.