आधी ताई

३ मार्च

गाठ आहे. डावीकडे, खालच्या अंगाला. आंघोळ करताना बोट अडखळलं. तीनदा चाचपून पाहिलं. आहेच!

पस्तीस वर्षं ही साखर सांभाळतेय. दिवसाला चार सुया, घास घास मोजून खाणं. तेवढं पुरेना म्हणून आता हे? बाकीचं जग काय ओस पडलंय?

ताईला सांगणार नाही.

४ मार्च

सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ताई शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होती. लाल पेन तसंच हातात. "कधीपासून?" म्हणाली. मग, "आधी जेवून घे, सुई घेतलीयेस ना." बस्स! गणिताची बाई ती. मला वाटलं होतं, जवळ घेईल.

नंतर न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ होती. मला काय कळत नाही?

६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून – चेहरा ढिम्म! "आधी फोटो काढू. मग सुईने तुकडा काढून तपासायला पाठवू." आणि लगेच, "साखर किती असते?" झालं. जाईन तिथे हिचीच चौकशी.

८ मार्च

फोटोचं मशीन. दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबून धरतात म्हणे. मी दारातूनच मागे फिरले. ताई तिथल्या बाईंना म्हणाली, "आधी माझा काढा."

"तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. पन्नाशी उलटलीय, कधीतरी काढायचाच होता. आणि हिला कळू दे, दुखतं का ते."

आधी माझं! अकराव्या वर्षी मला पहिली सुई द्यायची होती, तेव्हा मी पलंगाखाली दडून बसले होते. ताई पंधराची. तिने रिकामी सुई स्वतःच्या दंडात खुपसली. "बघ, मुंगी चावल्यासारखं." रक्त आलं होतं चांगलं. तेव्हापासून हेच चालू आहे – दाताचा डॉक्टर असो की थंडगार पाणी, आधी ती, मग मी.

आज बाहेर येऊन म्हणाली, "काही नाही गं." डोळ्यांत पाणी होतं. धादांत खोटारडी! पण मला धीर आला.

११ मार्च

माझा तुकडा काढला. साखर तीनशे चाळीस. भीतीने चढते, काय करू? रिपोर्टला चार दिवस, फार तर आठवडा.

तिथून सरळ दुकानात, कामावर. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तीनदा हातातून पडला. मालक म्हणाले, "आता तुम्हालाच नंबर लागला की काय?" हसले मी. मग मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन चालू केलं आणि त्या आवाजात रडून घेतलं. मला मरायचं नाहीये. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

१४ मार्च

भांडले ताईशी. दुकानातून लवकर आले, तर घराला कुलूप! दुपारभर बाई गायब. "नवी शिकवणी लागलीय." इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हिला शिकवण्या सुचतायत!

उजवा हात अंगाशी धरून बसली होती. बादली उचल म्हटलं, तर "आज तूच उचल." मग मी तोंडाला येईल ते बोलले. "माझं करून करून कंटाळली असशील तर तसं सांग." तिने माझा सुयांचा डबा घेतला आणि डाव्या हाताने भरत बसली.

१५ मार्च

अबोला. साखर एकशे दहा. हिला तरी अक्कल आली.

१८ मार्च

कॅन्सर नाही!! जुन्या मधुमेहात कधी कधी अशा टणक गाठी होतात, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. म्हणजे ही साखरेचीच करणी! जन्मभर जिला शिव्या घातल्या, तिचा आज मुका घ्यावासा वाटला.

दवाखान्याच्या पायरीवरच ताईला मिठी मारली. "हळू गं," म्हणाली आणि रडायलाच लागली. थांबेचना. "अगं, सुटले मी! आता कशाला रडतेस?"

"म्हणूनच," म्हणाली.

परवाचं सगळं मी मनातून काढून टाकलं. मोठ्या मनाने.

२० मार्च

शिकवणी नव्हती ती. एकटी जाऊन स्वतःचा तुकडा काढून आली होती. त्या दिवशीच्या फोटोत तिच्या उजवीकडे दिसलं होतं, हाताला लागतही नाही इतकं. कॅन्सर आहे. तिचा रिपोर्ट माझ्याच दिवशी आला होता. माझा आनंदाचा दिवस नासवायचा नव्हता म्हणे.

आज दवाखान्यात रक्त घ्यायला बाई आल्या आणि ताईने हात मागे घेतला. ताईने! माझी जेवायची वेळ झालीच होती. पर्समधली सुई काढली आणि तिच्या डोळ्यांसमोर पोटात टोचून घेतली.

"बघ ताई, मुंगी चावल्यासारखं."