पंचेचाळीस निरोगी गाई

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून सातवं वर्ष. नवी वही, नवं पेन, नवा मी. आमचा जोडकोर्स आठ वर्षांचा. आधी दोन वर्षं गुरांच्या डॉक्टरकीचे वर्ग, मग चार वर्षं संशोधन करून पीएच.डी., मग उरलेली दोन वर्षं दवाखान्यात प्रत्यक्ष जनावरं. माणूस दोनदा डॉक्टर होऊन बाहेर पडतो. माझ्या मधल्या चार वर्षांची पाच झाली, इतकंच.

संकल्प: रोज प्रबंधाची दोन पानं. शिवाय हात गंजू नयेत म्हणून रोज एक तास आजारांचं पुस्तक. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत प्रबंध माझ्या मार्गदर्शक डॉ. पेट्राकिसबाईंच्या टेबलावर!

दवाखान्याच्या जिन्यात कोरिन भेटली. माझ्याच वर्गातली, आता तिथे शिकवते. म्हणाली, अरे ऑरिन, तू अजून इथेच? मी म्हटलं, मी विषयाच्या खोलात उतरलोय. म्हणाली, ते दिसतंच आहे, दोर टाकू का? ती घाईत होती, नाहीतर सविस्तर उत्तर दिलं असतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार
पाच दिवसांत दोन पानं. दोन्ही ऋणनिर्देशाची. पण मनापासून उतरलीत. डॅडवरचा परिच्छेद वाचून माझा मलाच गहिवर आला. आजारांचं पुस्तक सापडत नाही. सापडलं की तास सुरू.

१४ सप्टेंबर, शनिवार
घरी आलोय. डॅडबरोबर पेंड आणायला गेलो. दुकानात जो भेटेल त्याला डॅड सांगतात, हा आमचा ऑरिन, डबल डॉक्टर. बारकाईने पाहिलं तर सध्या मी एकही डॉक्टर नाही. पण पेंडीच्या दुकानात एवढ्या बारकाईने कोण बोलतं? म्हाताऱ्या टॉलेफसनने आपल्या कुत्र्याचा सुजलेला कान दाखवला. मी बराच वेळ पाहिला. म्हटलं, यावर आणखी अभ्यास व्हायला हवा. तो म्हणाला, कशावर, कानावर की तुझ्यावर? सगळं दुकान हसलं. डॅड हसले नाहीत.

परतताना गाडीत म्हणाले, हल्ली मी व्हर्नाला उठसूट बोलवत नाही, घरात माणूस असताना बाहेर कशाला जायचं? व्हर्ना म्हणजे डॉ. व्हर्ना स्टकी. आमच्याकडची गुरं तीस वर्षं तीच बघते. मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की चार वर्षांत मी जिवंत गाईला हात लावलेला नाही, माझा सगळा कारभार काचेच्या बशीतल्या पेशींशी. पण डॅड शीळ घालत होते. ते सहसा घालत नाहीत. पुढच्या खेपेला सांगीन.

३ ऑक्टोबर, गुरुवार
पेट्राकिसबाईंनी दुसरं प्रकरण परत केलं. विषय: गाईच्या चौथ्या पोटाचे स्नायू सैल का पडतात. गाय व्याली की कधीकधी हे पोट सैल पडतं, वायूने फुगतं आणि जागा सोडून डाव्या कुशीत वर सरकतं. यावर या राज्यात माझ्याइतकं कुणी वाचलं नसेल. बाई म्हणाल्या, यात सगळं जग काय म्हणतं ते आहे, तू काय म्हणतोस ते कुठंय? मी म्हटलं, इतक्यात काही म्हणणं घाईचं होईल. म्हणाल्या, पाचवं वर्ष लागलं रे बाबा. बाईंची तब्येत बरी नसावी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्या. ६
शुक्रवारचा तळलेला मासा पुढ्यात आला आणि डॅडचा फोन. मर्टल दहा दिवसांपूर्वी व्याली, कालपासून पेंडीला तोंड लावत नाही, दूध निम्म्यावर आलंय. मर्टल म्हणजे डॅडची सगळ्यात लाडकी गाय. हाक मारली की मान वळवते. विचारत होते, व्हर्नाला बोलवू का? मी म्हटलं, मुळीच नको, हा तर माझाच विषय! डॅड म्हणाले, तेच म्हटलं मी, आपला पोरगा असताना. मासा थंड झाला, पण मन कसं भरून आलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
मर्टलच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून शेजारी टिचकी मारली. टण्! रिकाम्या पिंपावर मारावी तशी. पुस्तकात अगदी हेच लिहिलंय.

दुसरा कुणी तिथेच निकाल देऊन मोकळा झाला असता. पण एका गाईवरून निष्कर्ष काढायला मी काही खेडवळ वैदू नाही. तुलनेला निरोगी गाई हव्यात. गोठ्यात आणखी पंचेचाळीस आहेत. प्रत्येकीला डावीकडून तीन, उजवीकडून तीन टिचक्या, आणि वहीत नोंद. डॅड एकेक गाय धरून उभे. अकराव्या गाईला म्हणाले, लेका, हिला काही झालेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच! म्हणाले, मग मर्टलला काय झालंय? मी म्हटलं, माहिती जमतेय.

तिसाव्या गाईनंतर बोट सुजलं.

२० ऑक्टोबर, रविवार
कालच्या नोंदी पडताळण्यासाठी सगळ्या गाई पुन्हा तपासल्या. डॅडनी त्यासाठी चर्च बुडवलं. माझी बहीण जोलीन दारात येऊन म्हणाली, जी आजारी आहे ती तिकडे कोपऱ्यात मान टाकून बसलीय, आणि तू इकडे धडधाकटांना टिचक्या मारत सुटलायस. मी तिला तुलनागट म्हणजे काय ते समजावलं. ती ऐकून न घेताच गेली.

दुपारी तक्ता पुरा झाला. पंचेचाळीस गाई: आवाज नाही. एक गाय: टण्. मर्टलचे डोळे आत गेलेत. पोट सरकल्याचा दाट संशय आहे, असं म्हणता येईल. रक्त घेतलंय. उद्या प्रयोगशाळेत तपासतो. पुरावा पक्का हवा.

२१ ऑक्टोबर, सोमवार
मशीन बुधवारपर्यंत दुसऱ्यांनी अडवून ठेवलंय. दहा वाजता डॅडचा फोन, मर्टल उठत नाही. मी म्हटलं, निकाल येईपर्यंत काही करू नका. हे मी म्हटलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला नाकारता येणार नाही.

अकराला जोलीनने कुणालाही न विचारता व्हर्नाला बोलावलं. मी दोन तास गाडी हाणत पोचलो, तेव्हा व्हर्ना गाईला सलाईन लावून पायावर उभी करत होती. तिने एक टिचकी मारली. एकच. मग विचारलं, हे कधीपासून चाललंय, लाइल?

डॅड म्हणाले, गुरुवारपासून. मीच म्हटलं थांबू या. हा पोरगा फोनवर कानीकपाळी ओरडत होता, व्हर्नाला बोलवा म्हणून.

व्हर्ना डॅडना नको नको ते बोलली. म्हणाली, तीस वर्षं गाई सांभाळतोस आणि एवढी अक्कल नाही? हिचं यकृत गेलं असेल आतापर्यंत! डॅड म्हणाले, चुकलंच माझं. शिकारीत हरण हुकलं तर हुकलं म्हणून सांगणारे माझे डॅड. मी तीन हात अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

व्हर्नाने उभ्या गाईची कूस उघडून पोट खाली ओढलं आणि टाके घालून जागेवर बसवलं. मला शेपूट धरायला सांगितलं. मी धरलं. काम करता करता सहज म्हणाली, तुझा विषय काय रे? मी म्हटलं, चौथं पोट. ती हसली असती तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
मर्टल पहाटे गेली. डॅड फोनवर म्हणाले, वय झालं होतं तिचं. ती पाच वर्षांची होती.

२६ ऑक्टोबर, शनिवार
व्हर्नाला खरं काय ते पत्राने कळवायचं. डॅडच्या माथी तो ठपका राहता कामा नये. आजच.

१० नोव्हेंबर, रविवार
पत्र नऊ पानी झालंय. पूर्वपीठिका जमली आहे, तक्ताही जोडलाय. 'उशीर माझ्यामुळे झाला' हे वाक्य सातव्या पानावर आलंय आणि त्यात 'माझ्यामुळे' राहून गेलंय. ते एकदा दुरुस्त केलं की पोस्टात टाकतो. प्रबंधाला सध्या हात नाही. खरं लिहायचं तर लाज वाटते. चौथं पोट हे शब्द टाइप करवत नाहीत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
सकाळी आठला घरी पोचलो. पत्र गाडीतच आहे. गोठ्यातून आत जाताना टॅन्सी नावाची गाय दिसली, चाऱ्याकडे पाठ करून उभी. मागच्या आठवड्यात व्यालेली. स्टेथोस्कोप आणला. एक टिचकी. टण्. दुसरीला मारली नाही. बाकीच्या गाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

दुधाच्या खोलीत धावत गेलो. डॅडना म्हटलं, टॅन्सीचं पोट सरकलंय, माझी खात्री आहे, आत्ताच्या आत्ता व्हर्नाला बोलवा.

डॅडनी फडक्याला हात पुसले. म्हणाले, बोलावलंय रे, सकाळी सहालाच. येईल एवढ्यात.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? मी वाटेतच तर होतो.

डॅड म्हणाले, सणाला येतोयस, तुझ्या डोक्याला कशाला ताप. खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाले. ओरडले असते तर सोसलं असतं. मग म्हणाले, बाहेर गारठा आहे, आत जा, जोलीनला बटाटे सोलू लाग.

व्हर्नाची गाडी आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतो. डॅड तिच्या पुढे पुढे चालत काहीतरी सांगत होते. बाहेर जाऊन ते सातव्या पानावरचं एक वाक्य बोलायचं होतं. जोलीन म्हणाली, बास कर आता, जेवायला सहाच माणसं आहोत, बटाटे किती सोलतोयस?