माझाच पीळ

३ जून
अखेर रुजू झाले! लॅब छोटीशीच, पण माझ्या टेबलावर सकाळचं छान ऊन येतं. सर मोजकंच बोलतात. त्याची भरपाई अक्का करतात. त्या इथल्या सगळ्यात जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच अक्का. काम मात्र झकास आहे. डीएनए म्हणजे दोन पदरांचा पीळ. आमच्याकडचं एक प्रथिन त्या पिळाच्या खाचेत जाऊन बसतं, पीळ उलगडतं आणि पुन्हा घट्ट करतं. कसं, ते आम्हाला शोधायचंय. सुरुवातीला प्रथिनाला द्यायला माणसाचा डीएनए हवा होता. अक्का म्हणाल्या, नवीन येईल तिने लाळ द्यायची, हीच इथली रॅगिंग. दिली. घरी आईला सांगितलं तर म्हणते, अगंबाई, थुंकायचा पगार देतात की काय! दोघी पोट धरून हसलो.

११ जून
आज भलतंच झालं. माशाच्या डीएनएत प्रथिन मिसळलं होतं. मग तो डीएनए यंत्रावर वाचून पाहिला, तर मासा गायब. निघाला माणसाचा, आणि तोही माझा. सर सर्वांसमोर म्हणाले की हातमोजे घालायला कुणी शिकवलं नाही का. कुठे तोंड लपवू असं झालं.

१४ जून
सगळं नव्याने केलं. नळ्या नव्या, रसायनं नवी, हात अक्कांचे. मी खोलीत पाऊलही टाकलं नाही. मासा, गहू, यीस्ट, सगळ्या नळ्यांत मीच. अक्का म्हणाल्या, प्रथिनाने तुझा पीळ पाठ केलाय बाई, आता भेटेल त्याला शिकवत सुटलंय. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. आवराआवर करताना त्याच नळ्यांतलं द्रव काढलेली सुई त्यांच्या बोटात शिरली. मी घाबरले, तर मलाच दटावलं, एवढ्याने काय होतंय.

१९ जून
अक्का तापातून उठून आल्या. घसा बसलाय म्हणतात. बसलेला नाही. तो आवाज मी ओळखते. माझा आहे.
हनुवटीखाली तीळ आलाय त्यांच्या. माझा आहे तिथेच. मी पाहतेय हे कळल्यावर त्यांनी पदर वर ओढला.

२३ जून
अक्का आता चेहऱ्यानेही माझ्यासारख्या दिसतात. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, अक्का, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या.
मला म्हणाले. मला.

२५ जून
दुपारी अक्कांच्या यजमानांचा फोन आला. रडत होते. ती पोरांना ओळखत नाही, मला माझ्या आईकडे सोडा म्हणते. तिची आई तर कधीच गेली. पत्ता मात्र घडाघडा सांगून निघून गेली.
पत्ता आमचा.

तशीच धावत आले. जिन्यात बसलेय. कुणाला तरी कळायला हवं म्हणून लिहितेय. मी अजून मीच —
आत आई हसतेय. आणि मी हसतेय. आतून.
बेल वाजवली. आईने विचारलं, कोण आहे? म्हटलं, आई, अगं मी.
 दारामागून आई म्हणाली, "अहो, मी म्हणजे कोण? माझी मुलगी घरातच आहे."
आईने मला अहो —
पावलं येताहेत. आईची नाहीत. टाच घासत चालणारी, माझी —
कडी काढली. दार उघड